लिलावातली आर्मी पिकअप घेतलीय, वरचा बाण आणि नंबर ठेवू की काढू?

डिचोलीच्या भावाने विचारलंय की आर्मीच्या लिलावात गेलेली डबल केबिन पिकअप एका व्यापाऱ्याकडून घेतली, रंग अजून हिरवाच आहे, नंबरच्या जागी पुसट पांढरा बाण आणि आकडे दिसतात, पुढच्या बंपरवर एका बाजूला पिवळा गोल आणि दुसऱ्या बाजूला रंगीत चौकोन, चाकांच्या वर टीपी असं काहीतरी लिहिलंय, तर याचा अर्थ काय. दुसरं म्हणजे हे सगळं तसंच ठेवून वरून क्लिअर कोट मारला आणि गाडी कळंगुट-हणजूण बाजूला पर्यटकांना फिरवायला वापरली तर चालेल का. आणि तिसरं, आर्मीची गाडी म्हणजे कंपनीच्या साध्या पिकअपपेक्षा आतून दणकट असते का.

मी सैन्यात ईएमईत, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोरमध्ये, व्हेईकल मेकॅनिक होतो, हवालदार म्हणून बाहेर पडलो, आता म्हापशाजवळ माझं गॅरेज आहे आणि अशा लिलावातल्या गाड्या वर्षाला तीन-चार तरी माझ्याकडे येतात. गाडी कुठल्या कंपनीची, कुठल्या साली आर्मीत घेतलेली आणि व्यापाऱ्याने तिची आरटीओत नोंद आधीच करून घेतली होती की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि पुष्कळसं त्यावरच आहे. तरी जे कुठल्याही गाडीला लागू पडतं ते सांगतो.

तुम्ही हा प्रश्न दिसण्याचा म्हणून विचारलाय, म्हणजे खुणा छान दिसतात, ठेवू का. माझ्या मते प्रश्न ओळखीचा आहे. रणगाडा रस्त्यावर उभा असला तर तो सैन्याचा आहे हे लहान पोराला पण कळतं, त्याच्यावर काही लिहायची गरज नाही. पिकअपचं तसं नाही. तीच गाडी मासळीवाला चालवतो, तीच काजूवाला चालवतो आणि तीच बॉर्डरवरची युनिट पण चालवते. रंग आणि खुणा काढल्या की तिच्यात सैन्याचं दाखवण्यासारखं जवळजवळ काहीच उरत नाही, म्हणून तर त्या खुणांना एवढी किंमत आहे आणि म्हणूनच कायदा पण त्यांच्याबाबतीत कडक आहे.

कंपनीची पिकअप सैन्यात येते कशाला हे आधी थोडक्यात सांगतो, कारण तुमचा दणकटपणाचा प्रश्न तिथूनच सुटतो. १९८७ साली चाड आणि लिबियाची लढाई झाली तिला टोयोटा वॉरच म्हणतात. चाडकडे रणगाडे जवळपास नव्हतेच, फ्रान्सने दिलेल्या चारेकशे टोयोटा पिकअप होत्या, हायलक्स आणि लँड क्रूझर, आणि त्यांवर मिलान ही रणगाडाभेदी मिसाईलं. २ जानेवारी १९८७ ला फादा गावाजवळ त्यांनी लिबियाचे नव्वदच्या आसपास रणगाडे निकामी केले. ते वेगाने यायचे, बाजूने मारा करायचे आणि निघून जायचे. पत्रा तोच साधा, गोळी लागली तर आरपार, पण वाळवंटात तो वेग आणि कुठल्याही गावात मिळणारे पार्ट यांनी काम केलं. त्याच्या कितीतरी आधी, १९४० साली इंग्रजांनी वाळवंटासाठी लाँग रेंज डेझर्ट ग्रुप काढला तेव्हा पण त्यांनी शेवरलेटचे साधे बाजारातले ट्रक घेऊन टप कापून टाकले होते. त्यातल्या न्यूझीलंडच्या जवानांनी आपल्या ट्रकांना माओरी भाषेतली नावं दिली, आर पॅट्रोलच्या, म्हणजे आर गस्ती तुकडीच्या, गाड्यांची नावं आर अक्षराने सुरू व्हायची आणि टी पॅट्रोलची टी ने, म्हणजे नाव वाचलं की गाडी कुठल्या तुकडीची ते कळायचं. खूण म्हणजे नुसती सजावट नसते ती अशी.

आपल्याकडे पूर्वी जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत बनलेली जोंगा जीप आणि निसानची वन टन गाडी असायची, नंतर जिप्सी आली. जिप्सी ५०० किलोच्या वर्गातली, कापडी टपाची. मग सैन्याला ८०० किलो वाहणारी, पक्क्या टपाची आणि एसी असलेली गाडी हवी झाली, तेव्हा २०१७ ला टाटाच्या सफारी स्टॉर्मचा ३,१९२ गाड्यांचा करार झाला. २०२३ ला महिंद्राच्या स्कॉर्पिओ क्लासिकची आधी १,४७० आणि मग १,८५० ची ऑर्डर निघाली, आणि त्याच वर्षी नॉर्दर्न कमांडला टोयोटा हायलक्स मिळाल्या, त्या आधी १३,००० ते १८,००० फुटांवर चालवून बघितल्या होत्या. २०२५ ला फोर्सच्या गुरख्याची २,९७८ गाड्यांची ऑर्डर आली. सगळ्या शोरूममधून बाहेर पडणाऱ्याच गाड्या आहेत, थोडे बदल करून घेतलेल्या.

आता तुमच्या गाडीवरच्या खुणा एकेक करून बघू.

बाण आणि नंबर. वर तोंड केलेला बाण म्हणजे ब्रॉड अ‍ॅरो, इंग्रजांच्या काळात सरकारी लष्करी मालावर मारायचे तीच खूण पुढे चालू राहिली. बाणाच्या लगेच मागे किंवा पुढे जे दोन आकडे असतात ते गाडी सैन्याने कुठल्या साली घेतली त्याचे, मग एक अक्षर, मग लांब अनुक्रमांक आणि शेवटी आणखी एक अक्षर. हा नंबर आरटीओ देत नाही, संरक्षण मंत्रालयाकडून येतो. त्यातले ते दोन सालाचे आकडे नीट वाचून ठेवा, पुढे लागणार आहेत.

पिवळा गोल म्हणजे पुलाचा क्लास. गोलात जो काळा आकडा आहे तो भरलेल्या गाडीचा लोड क्लास, साधारण टनाच्या हिशोबात. पुलाच्या तोंडाशी पण तसाच पिवळा फलक असतो. ड्रायव्हरने फलकाचा आकडा बघायचा, आपल्या बंपरचा आकडा बघायचा, आपला मोठा असेल तर गाडी पुलावर घालायची नाही. पिकअपला हा आकडा लहानच असतो त्यामुळे तिची कुठे अडवणूक होत नाही, पण काफिल्यात पुढे ती आणि मागे मोठा ट्रक असला तर पुलावर उभा असलेला माणूस लांबूनच बंपर वाचून ठरवतो कोणाला सोडायचं आणि कोणाला थांबवायचं. पावसाळ्यात वाळपईकडे पाण्याखाली गेलेल्या जुन्या साकवावर लोक अंदाजाने गाड्या घालतात ते बघितलं की मला हा पिवळा गोल आठवतो.

रंगीत चौकोन आणि त्यातला आकडा म्हणजे टॅक साइन. रंगावरून गाडी तोफखान्याची, इंजिनिअरची की सिग्नलची ते कळतं आणि आकड्यावरून युनिट कळते. युनिटचं नाव मुद्दाम लिहिलेलं नसतं, ज्याला माहीत असायला हवं त्याला कळतं एवढं पुरे. दुसऱ्या बाजूला असते ती फॉर्मेशन साइन, म्हणजे डिव्हिजन किंवा कोरचं चिन्ह. आपल्या गोवेकरांना सांगायचं तर १९६१ ला डिसेंबरात ऑपरेशन विजयमध्ये आलेल्या १७ इन्फन्ट्री डिव्हिजनचं चिन्ह काळं मांजर. गोवा मुक्त झाला तेव्हा दोडामार्ग, अस्नोडा करत बेतीपर्यंत आलेली ५० पॅरा ब्रिगेड होती. डिचोली-अस्नोडा भागातल्या जुन्या माणसांना त्या गाड्यांची आठवण विचारा, नंबर कोणाला सांगता येणार नाहीत पण गाडीवरचं चित्र सांगणारं कोणीतरी नक्की भेटेल.

टीपी म्हणजे टायर प्रेशर. प्रत्येक चाकाच्या वर त्या चाकात किती हवा हवी तो आकडा. सकाळी फर्स्ट परेडला, म्हणजे गाडीच्या रोजच्या तपासणीला, ड्रायव्हर गेज घेऊन फिरतो तेव्हा पुस्तक उघडायची गरज नाही. ही एकच खूण मी सगळ्यांना ठेवायला सांगतो, साध्या अक्षरात लिहून घ्या, कोणाचा आक्षेप नाही आणि उपयोग रोजचा.

आणि एक खूण तुम्ही लिहिली नाहीत, कारण ती बघायला गाडीखाली वाकावं लागतं. मागच्या डिफरेन्शियलवर, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधल्या गोल डब्यावर, पांढरा रंग आहे का बघा. मोठ्या ट्रकांना हा असतोच, लहान गाड्यांना कधी असतो कधी नसतो. राजस्थानात एका एक्सरसाइजला, म्हणजे युद्धसरावाला, आम्ही रात्री ब्लॅकआऊटमध्ये चालवत होतो, हेडलाइट बंद, ब्रेकलाइट बंद, फक्त पुढच्या गाडीच्या हौद्याखाली बोटाएवढा एक बल्ब आणि त्याचा उजेड त्या पांढऱ्या डिफरेन्शियलवर पडलेला. मागच्या ड्रायव्हरला बाकी काही दिसत नाही, तो त्या पांढऱ्या ठिपक्यावर डोळे लावून चालतो, ठिपका मोठा झाला की आपण जवळ आलो, लहान झाला की मागे पडलो. वाळूने तो ठिपका अर्ध्या तासात मातकट व्हायचा, मग प्रत्येक हॉल्टला ड्रायव्हर उतरून आधी खाली घुसायचा आणि फडक्याने आपला नाही तर पुढच्याचा डिफ पुसून यायचा, कारण स्वतःला दिसायचं असेल तर पुढच्याचा स्वच्छ हवा. मला अजून त्या फडक्याचा डिझेलचा वास आठवतो. सैन्यातल्या खुणा कशासाठी असतात हे मला त्या रात्री समजलं.

या झाल्या कायमच्या खुणा. लढाईत ऐनवेळच्या पण असतात. १९९१ च्या आखाती युद्धात मित्रसैन्यांच्या गाड्यांवर उलटा व्ही काढला होता, वरून विमानाला आपलं कोण ते कळावं म्हणून. २०२२ पासून युक्रेनमध्ये रशियाच्या गाड्यांवर झेड दिसला, तर युक्रेनच्या गाड्यांवर पांढरा क्रॉस. तिथे तर दोन्ही बाजूंना लोकांनी दिलेल्या, विकत आणलेल्या साध्या पिकअप आणि व्हॅन चालतात, समोरून येणारी गाडी मित्राची की शत्रूची हे ठरवायला रंगाच्या डब्याशिवाय काय आहे. खूण चुकली तर आपलाच माणूस आपल्याच गोळीने जातो.

उलट बाजूचं उदाहरण टेक्सासच्या एका प्लंबरचं. त्याने आपली जुनी फोर्ड पिकअप डीलरला देऊन टाकली, दारावरचं धंद्याचं नाव आणि फोन नंबर तसाच राहिला. २०१४ च्या डिसेंबरात तीच गाडी सीरियात हौद्यात विमानविरोधी तोफ लावलेली अशी फोटोत दिसली, दारावरचं नाव फोन नंबरासकट स्पष्ट वाचता येत होतं. मग त्याला धमक्यांचे फोन सुरू झाले. गाडीचा मालक बदलला पण गाडीवरची ओळख बदलली नाही म्हणून हे झालं. तुमच्या गाडीचं तेच आहे, फक्त दिशा उलटी.

आता कायदा. मी वकील नाही, पण या गाड्या पास करून देताना जे दरवेळी समोर येतं ते सांगतो. सेंट्रल मोटर व्हेईकल रूल्स १९८९, नियम १२१, ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाडीशिवाय दुसऱ्या कुठल्याही गाडीला चालत नाही. म्हणजे खुणा राहू द्या, तो हिरवा रंगच तुम्हाला ठेवता येणार नाही, क्लिअर कोटचा विषय तिथेच संपला. सैन्याच्या गाडीची नोंद मोटर वाहन कायद्याच्या कलम ६० खाली होते आणि गाडी संरक्षणाच्या कामातून बाहेर पडली की ती तुमच्या-आमच्या गाडीसारखी कलम ३९ आणि ४० प्रमाणे नोंदवावी लागते. त्यासाठी फॉर्म २० आणि सोबत सैन्याच्या संबंधित अधिकाऱ्याने दिलेलं मूळ सेल सर्टिफिकेट, फॉर्म २१. झेरॉक्स चालत नाही. व्यापारी म्हणाला कागद नंतर देतो, तर पैसे पण नंतर द्यायला हवे होते, आता दिले असतील तर आज फोन करा.

सालाचे आकडे इथे लागतात. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं पुरी झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या स्क्रॅप केंद्रात जायच्या असतात, सूट आहे ती लढाईच्या कामाच्या चिलखती आणि खास गाड्यांना, साध्या पिकअपला नाही. तुमच्या गाडीचं साल त्या रेषेच्या जवळ असेल तर रंगाला हात लावायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा, नाहीतर रंगाचा खर्च पाण्यात.

बाणाची प्लेट लावून रस्त्यावर येणं तर अजिबात नको. पर्वरीहून म्हापशाला येताना आपल्याकडे किती प्रकारच्या प्लेटा दिसतात बघा, रेंट-अ-कॅबची काळ्यावर पिवळी, सैन्याची काळ्यावर पांढरी, पर्यटकाला फरक कळत नाही पण नाक्यावरच्या शिपायाला कळतो. सैनिक असल्याचं भासवायला सैनिकाची खूण बाळगली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमचा तसा इरादा नाही हे मी मानतो, पण ते तिथे रात्री अकरा वाजता समजावत बसावं लागेल. माझ्या एका गिऱ्हाइकाने हौस म्हणून जुन्या जिप्सीवर फॉर्मेशन साइन ठेवली होती, त्याला एका नाक्यावर चार तास बसवलं, गाडीत म्हातारी आई होती. त्याने कागद दाखवले, सगळे बरोबर होते, तरी चार तास. पोलिसांचं पण चुकलं असं मला वाटत नाही, बांबोळीला सैन्याचा तळ, दाबोळीला नेव्हीचा, अशा जागी खोटी लष्करी गाडी आत शिरणं म्हणजे काय होऊ शकतं हे त्यांना ठाऊक आहे. आणि जाता जाता, हौसेने लाल क्रॉस लावणारे पण असतात, तो पण १९६० च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स अ‍ॅक्टने राखीव आहे, तो लावू नका.

पर्यटक फिरवायचं तर ते वेगळंच. भाड्याने माणसं न्यायची म्हणजे परवाना लागतो, आणि पिकअपची नोंद मालवाहू म्हणून झाली तर हौद्यात बाकडी टाकून माणसं बसवता येणार नाहीत. त्या हिशोबाने गाडी घेतली असेल तर हिशोब पुन्हा करा.

दणकटपणाचं आता. इंजिन, गिअरबॉक्स, चासी बहुतेक कंपनीचीच असते. बदल असतात ते ब्लॅकआऊट लाइटचं वायरिंग, पुढेमागे टो हुक, जेरीकॅनचे ब्रॅकेट, फावडं-टिकाव अडकवायचे क्लिप. अमेरिकेने १९८० च्या दशकात शेवरलेटची पिकअप घेतली, एम १००८, तिला दोन बॅटऱ्या आणि दोन अल्टरनेटर, स्टार्टर २४ व्होल्टचा आणि बाकी गाडी १२ व्होल्टची, तसल्या गाडीचं वायरिंग समजल्याशिवाय हात लावला तर काहीतरी जळणारच. तुमच्या गाडीत पण आधी वायरिंग तपासा, सैन्याने लावलेल्या जास्तीच्या वायरी लिलावाआधी कापलेल्या असतात आणि टोकं तशीच लोंबतात.

सैन्याच्या गाडीची खरी मजबुती तिच्या देखभालीत असते, रोजची परेड, कार डायरीत प्रत्येक किलोमीटर लिहिलेला. पण ती कंडम होऊन यार्डात उभी राहिली की ते सगळं थांबतं, आणि तिथे दोन पावसाळे गेले असतील तर तुम्ही घेतलीय ती न सांभाळलेलीच गाडी. हौद्यात ब्रॅकेट काढलेल्या जागी बोटभर भोकं असतात, रंगाखाली दिसत नाहीत, चटई उचलून बघा. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत गंज त्या भोकांच्या कडेने सुरू होतो आणि चासीच्या मेंबरपर्यंत जातो. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, पण बघा, वरचं पान सपाट झालेलं असेल तर गाडीने बरंच ओझं वाहिलंय.

रंग काढताना नुसता वर दुसरा रंग मारू नका. बाण आणि आकडे जाड पांढऱ्या इनॅमलने काढलेले असतात, वर दोन हात मारले तरी संध्याकाळी तिरप्या उजेडात आकड्यांची कड उठून दिसते, तुम्ही पाठवलेला नंबरच्या जागेचा फोटो मी बघितला त्यात व्यापाऱ्याने तेच केलंय. पत्र्यापर्यंत घासा, भोकं वेल्ड करून बुजवा, पुट्टीने नाही, मग रेड ऑक्साइड, मग रंग, आणि आरसीवर जो रंग लिहिला जाणार तोच. डिफवरचा पांढरा रंग असेल तर तेवढा राहू द्या, तो कोणाला दिसत नाही आणि ऑइल गळायला लागलं तर पांढऱ्यावर लगेच कळतं.

चासी नंबर सेल सर्टिफिकेटशी एकेक अक्षर जुळवून बघा, पंच केलेल्या नंबरावर पेन्सिल घासून कागदावर छाप घ्या आणि तो छाप घेऊन आधी आरटीओत जा. तिथे हो म्हणाले की गाडी घेऊन या, पाऊस सुरू व्हायच्या आत घासून प्रायमर तरी मारून घेऊ.